ओतून टाकलेला पाऊस

झुंबर पालवेचा खरा विश्वास फक्त कुलपावर होता. दूधवाला पाणी घालतो, वाणी काटा मारतो, पोस्टमन आधी पत्रं वाचतो आणि मग देतो, हे त्याने कुठल्याही पुराव्याशिवाय ठरवून टाकलं होतं. छत्रीला साखळी लावून ती खुंटीला अडकवणारा माणूस अख्ख्या पालघर तालुक्यात दुसरा नसेल. कुणी आपणहून चहा पाजला तर पहिला घोट घेण्याआधी तो पाजणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. लोक हसायचे. तो म्हणायचा, हसा, तुमचं अजून काही गेलेलं नाही.

पण त्याला हसण्याआधी तो आला कुठून ते बघायला हवं. तो पाथर्डीकडचा, म्हणजे जिथे आभाळाकडे बघून बघून माणसांच्या माना दुखतात तिथला. बहात्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरीची राखण त्याच्याकडे होती. ज्यांना तो जन्मभर मामा-काका म्हणत आला, ती माणसं अंधाराचा फायदा घेऊन पोहरा सोडताना त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिली. त्यातला एक त्याचा सख्खा चुलता होता. तेव्हापासून पाणी दिसलं की झुंबरला आधी चोर दिसायचा.

अशा माणसाला सरकारने पाऊस मोजायला बसवलं, तेही कुठे, तर बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. वावळपाड्याला लागून एका खात्याची चौकी होती. सामानाची राखण करायची आणि रोज सकाळी साडेआठला आवारातल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजून आकडा लिहायचा, एवढं काम. जमिनीत पक्कं बसवलेलं एक भांडं, वर नरसाळं, आत बाटली. बाटली भरली तर पाणी भोवतीच्या डब्यात सांडतं, तेही मोजायचं. पहिल्याच पावसाळ्यात झुंबरची झोप उडाली. त्याच्या गावी वर्षाकाठी जेवढा पाऊस पडायचा, तेवढा इथे आठवड्यात पडे. आकडा लिहिताना त्याचा हात अडखळायचा. एवढं पाणी फुकट कोण देतं, असा त्याचा साधा प्रश्न होता.

चौकीवर झाडलोट करायला पाड्यातली सोमी यायची. तिशी-पस्तिशीची, नवरा वारलेला, तानी नावाची एकच मुलगी, ती शेजारच्या पाड्यात नुकतीच दिलेली. सोमी हसरी होती आणि साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना पाड्याच्या रीतीप्रमाणे 'तू' म्हणायची. झुंबरला ते 'तू' सुरुवातीला फार लागलं. मग त्याने त्यातही काहीतरी डाव असणार असं मनाशी धरलं आणि त्याला जरा बरं वाटलं.

शहात्तर सालच्या जेठात, पेरणीच्या आधी, त्याने सोमीला पकडलं. ती पर्जन्यमापकापाशी उकिडवी बसली होती. नरसाळ्याच्या काठावर तांदळाचे चार दाणे ठेवले होते आणि ओंजळीतलं पाणी ती हळूच आत सोडत होती.

"ए! काय करती गं तिथं?"

"नारनदेवाला पाणी दिलं," सोमी हसत म्हणाली. नारनदेव म्हणजे त्यांचा पावसाचा देव. "आमचा नारनदेव रानात, तुमचा सरकारचा या भांड्यात. दोगांना नको का?"

झुंबरने कपाळावर हात मारला. आभाळ कोरडं ठणठणीत आणि बाटलीत पाणी! साहेबाने पाहिलं असतं तर नोकरी गेली असती. त्याने तिला वाट्टेल ते सुनावलं, भांड्याभोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि त्याच्या फाटकाला अर्थातच कुलूप लावलं. आता ही बाई आपल्याला कधीतरी गोत्यात आणणार, ही खूणगाठ त्याने बांधली ती बांधलीच.

मग आखाड आला. देशावरच्या माणसाला आखाडात मटण मिळालं नाही तर श्रावण पाळल्याचं पुण्यही लागत नाही. तारापूरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत त्याचा गाववाला भगवंत नोकरीला होता. त्याने पाथर्डीकडची सगळी मंडळी जमवली आणि झुंबरलाही बोलावणं धाडलं. चौकी सोडून रात्री बाहेर राहायला परवानगी लागायची. परवानगी मागितली की साहेब कारण विचारणार आणि कारण ऐकून नाही म्हणणार, असा हिशेब करून झुंबर न विचारताच गेला. जेवला, चार गावाकडच्या गप्पा ऐकल्या आणि तिथेच पडला. किनाऱ्यावर रात्री नेहमीसारखा पाऊस झाला, कौलं वाजली, एवढंच.

सकाळी बोईसरमार्गे निघाला तर वाटेतला ओहोळ भरून चाललेला. उतार मिळेपर्यंत तास-दीड तास मोडला. चौकीवर पोचला तेव्हा साडेआठ कधीच होऊन गेले होते. आवारात शिरला आणि बघतो तर काट्यांचं कुंपण आडवं, कुलूपबंद फाटक चिखलात पडलेलं, आणि सोमी कमरेवर कळशी घेऊन नरसाळ्यात हात घालून वाकलेली. त्याने नरसाळं उचललं. बाटली काठोकाठ भरलेली, भोवतीचा डबाही भरलेला, आणि वरून पाणी सांडतंय.

"किती ओतलंस?" झुंबर ओरडला.

"मी कशाला वतू? पाला अडकला व्हता, तो काढला," सोमी म्हणाली. "रातचा पाऊस बगितला नाय तू? आभाळ फाटलं व्हतं. देवूचे बैल गेले वाहून. तू व्हतास कुठं?"

तो शेवटचा प्रश्न तिने विचारायला नको होता. तोवर झुंबरच्या मनात निदान थोडी शंका होती. त्या प्रश्नानंतर ती उरली नाही, कारण ती उरणं त्याला परवडणारं नव्हतं. आपण रात्री इथे होतो असं दाखवायचं तर रात्री काय झालं ते आपल्यालाच माहीत असायला हवं. आणि आपल्याला माहीत होता तो तारापूरचा पाऊस. एका रात्रीत एवढा डबा भरतो हे पाथर्डीच्या माणसाने का म्हणून मानायचं? कळशी तर समोर दिसत होती. त्याने बाटली उपडी केली, डबा उपडा केला, सगळं पाणी चिखलात ओतून दिलं, आणि तारापूरच्या कौलांवर वाजलेल्या पावसाच्या अंदाजाने दोन इंचांच्या आसपासचा एक सभ्य आकडा लिहून टाकला. वेळ लिहिली साडेआठ.

पाऊणशे माणसांचा पाडा सांगत होता की रात्री प्रलय झाला. ओहोळावरचा मातीचा बंधारा फुटला होता, भाताची रोपं गेली होती. झुंबरला वाटलं, हे सगळे मिळून सरकारकडून काहीतरी उकळायला निघालेत. साहेब आले तेव्हा त्याने छातीठोकपणे सांगितलं, "पाऊस साधा होता साहेब. भांड्यात ह्या बाईनं कळशी ओतली. मागंबी ओतताना धरली होती." साहेबांनी सोमीला विचारलं, मागे ओतलं होतंस का? ती खोटं बोलणारी नव्हती. ती म्हणाली, हां, वतलं व्हतं.

तिचं काम त्याच दिवशी गेलं. ते एक वेळ ठीक. झुंबरला जे कधी कळलं नाही, किंवा कळूनही त्याने कळून घेतलं नाही, ते पुढचं. पाड्याला पाऊस झाला की नाही हा प्रश्नच नव्हता, तो त्यांनी अंगावर घेतला होता. त्यांना प्रश्न पडला होता की एवढा का झाला. आणि सरकारी माणूसच सांगत होता की सोमीने नारनदेवाच्या भांड्यात कळशी रिकामी केली. मग आणखी काय हवं? ओंजळीने देव प्रसन्न होतो, कळशीने कोपतो. देवूने आपल्या बैलांच्या नावाने बोटं मोडली आणि कुणीतरी तो शब्द उच्चारला. भुताळी. एकदा हा शब्द चिकटला की तो अंघोळीने जात नाही. सोमीची झोपडी पाड्याबाहेर गेली. तानीच्या सासूने सुनेला बजावलं, आयशीच्या दारात पाय टाकलास तर इथे परत येऊ नकोस. पुढे तानीला मुलं झाली. ती आजीने पाहिलीही नाहीत.

अठरा वर्षं गेली. मध्ये झुंबरची दोन ठिकाणी बदली झाली आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना तो फिरून त्याच चौकीवर आला. सोमी लाकडाची मोळी घेऊन रस्त्याने जायची. तो नजर वळवायचा. आपण काही चुकीचं केलं नाही असं तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत आला होता. खरंच चुकलं नसतं तर एवढं सांगावं लागलं नसतं.

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात पुण्याहून मंगला टिळेकर नावाची बाई आली. पन्नाशीची, खांद्याला शबनम, पायात कापडी बूट. हवामानाच्या जुन्या नोंदींवर काम करते म्हणाली.

"पालवे, शहात्तरच्या आखाडातल्या एका दिवसाबद्दल विचारायचंय," असं म्हणून तिने तारीख सांगितली.

झुंबरने हातातली किल्ली खिशात टाकली. अठरा वर्षांनी, नेमकी तीच तारीख! ही पुण्याची नाही, वरून पाठवलेली आहे. पेन्शन अडवायला आलीय. "मला काय आठवतंय मॅडम? म्हातारा झालो," तो म्हणाला आणि तिच्यासाठी चहा टाकायचा बहाणा करून आत गेला. आतून त्याने दाराच्या फटीतून बघितलं. ती काही लिहून घेत नव्हती, कुत्र्याला बिस्कीट घालत होती. हे तर त्याला फारच संशयास्पद वाटलं.

चहा पिता पिता मंगलाबाईंनी एक नकाशा पसरला. त्यांनी सांगितलं ते असं. जगभर माणसांनी जुन्या काळापासून हवा लिहून ठेवलीय. कुठे बोटीचा कप्तान, कुठे दीपगृहावरचा माणूस, कुठे चहाच्या मळ्यातला कारकून. ते सगळं गोळा करायचं, कॉम्प्युटरला द्यायचं आणि होऊन गेलेल्या एकेका दिवसाची हवा पुन्हा उभी करायची. त्या दिवशी वारा कुठून निघाला, ढग कुठे साचले, कुठे कोसळले. मागचा पाऊस कसा वागला ते नीट कळलं तर पुढचा कसा वागेल याचा अंदाज येतो.

"सगळीकडे या पावसाच्या रेघा नीट वळतात," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या चौकीपाशी आल्या की खड्डा पडतो. डोंगराकडचे आकडे प्रचंड, खालच्या अंगाचेही मोठे. मधे तुमचा एकटा दोन इंच."

"ते आकडे खरे कशावरून?" झुंबरने विचारलं. आता तो त्याच्या हातखंडा विषयात आला होता. "कारकून लोक घरी बसून लिहितात."

"एखादा लिहील. म्हणून एकावर नाही विसंबत."

"समद्यांनी मिळून ठरवलं असंल."

मंगलाबाई हसल्या. "आदल्या संध्याकाळी मुंबईच्या बाहेर समुद्रात एक परदेशी बोट होती. तिच्या कप्तानाने हवेचा दाब झपाट्याने पडल्याचं लिहिलंय. वारा, ढग, सगळं. तो माणूस तुमच्या त्या डोंगरातल्या जव्हारच्या कारकुनाला कुठे भेटणार? आणि त्याला खोटं लिहून मिळणार काय?"

झुंबरने नकाशा आपल्याकडे ओढला. आयुष्यभर त्याने लोकांचे कट शोधले होते, त्यामुळे कट कसा होतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. कटाला एकमेकांची ओळख लागते, काहीतरी फायदा लागतो. त्याने मनातल्या मनात एकेकाला धरून हलवून पाहिलं. डोंगराकडचा कारकून, खालचा कारकून, बोटीवरचा गोरा. कुणाचा कुणाशी संबंध लागेना. सोमीची कळशी त्या बोटीपर्यंत काही पोचणार नव्हती. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या संशयाला धरायला जागा उरली नाही आणि तो एकदम दमल्यासारखा झाला.

"मी पाड्यातही विचारून आले," मंगलाबाई म्हणाल्या. "ते म्हणतात, त्या रात्री कुणा भुताळीने पाऊस आणला. भांड्यात पाणी ओतून. हे भांडं म्हणजे आपलं हेच का? कोण बाई होती?"

झुंबरला खोटं बोलता आलं असतं. जीभ तयारही होती. पण बोटीवरचा तो न पाहिलेला माणूस, दुसऱ्या कुणासाठी नाही, नुसतं दिसलं ते लिहून मोकळा झालेला, त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याला त्या माणसाची लाज वाटली.

"तिनं काही ओतलं नव्हतं," तो म्हणाला. "पाणी पावसाचंच होतं. म्या ओतून दिलं. मोजलंबी नाही. रात्री म्या हितं नव्हतोच, तारापूरला मटण खायला गेलो होतो. आता लिवा तुमच्या कागदात आन् थांबवा माझी पेन्शन."

मंगलाबाईंनी पेन खाली ठेवलं. तुमच्या खात्याशी माझा काही संबंध नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या. त्याला ते दोन्ही वेळा खरं वाटलं नाही. मग त्यांनी हळहळून विचारलं, अंदाजे तरी किती होतं? डबा भरून सांडत होतं, एवढंच तो सांगू शकला. सांडलं किती, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

दोघं पाड्याकडे गेले. सोमी झोपडीपुढे लाकडं फोडत होती. केस पिकलेले, पण पाठ ताठ. माणसं जमली, म्हातारा देवूही काठी टेकत आला. झुंबरने सगळ्यांसमोर, मान खाली घालून, तेच पुन्हा सांगितलं. देवू नुसता आपल्या काठीकडे बघत राहिला.

सोमीने कुऱ्हाड खाली ठेवली. "मला काय सांगतंस?" ती म्हणाली. "मी वतलं नाय ते मला ठावं नसंल काय? तानीला सांग."

मग ती मंगलाबाईंकडे वळली आणि त्यांना ओहोळाकाठच्या आंब्यापाशी घेऊन गेली. कुठल्या फांदीत देवूच्या बैलाचं दावं अडकलं होतं, ते तिने दाखवलं. मंगलाबाईंनी टेप लावून उंची घेतली. या एवढ्या वर्षांत त्या रात्रीबद्दल सोमीला कुणी प्रथमच विचारलं होतं आणि ती सावकाश, पुन्हा पुन्हा सांगत होती. झुंबर लांब उभा होता. त्याला तिथे कुणी बोलावलं नाही.

तानी तेव्हा बोईसरला, कारखान्यांच्या मागच्या चाळीत राहत होती. नवरा कंपनीत हमाली करायचा. सासू घरातच असायची. त्या रविवारी झुंबर तिथे गेला. तानीने दार अर्धंच उघडलं. त्याने सांगायला सुरुवात केली, तिने शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग त्याच्या तोंडाकडे बघत विचारलं, "आयशीनं काय दिलं तुला असं बोलायला?"

दार लागलं. झुंबर जिन्यात उभा राहिला. हाच प्रश्न त्याने साऱ्या जगाला विचारला होता आणि समोरच्याला कसं वाटतं याचा कधी विचार केला नव्हता. त्याला रडू फुटलं. इतक्या वर्षांत ते बाहेर पडायला वाट नव्हती, आता ती एका परक्या चाळीच्या जिन्यात सापडली. येणारी-जाणारी माणसं बघत होती, "क्या हुआ चाचा?" म्हणून कुणी हिंदीत विचारलंही. तो खाली उतरला.

पुढच्या रविवारी तो परत गेला. तानीने दार उघडलं ते पूर्ण. मधल्या दिवसांत ती पाड्याकडे जाऊन आली होती की कुणाकडून काही ऐकलं होतं, ते तिने सांगितलं नाही. तिचे डोळे सुजलेले होते.

झुंबरने खालच्या आवाजात पुन्हा सुरुवात केली. "तुझ्या आईनं..."

"थांब," तानी म्हणाली. तिने त्याला मनगटाला धरून आत ओढलं. आत खाटेवर एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तानीने तिला खांद्याला धरून उठवून बसवलं, तिचा पदर नीट केला आणि दाराआड उभ्या असलेल्या आपल्या दोन्ही मुलांना पुढे घेतलं.

"आता सांग," ती झुंबरला म्हणाली. "आन् मोठ्यानं सांग. माज्या सासूला कमी ऐकायला येतं."